दुसरे आखात

आमच्याकडे ‘आखात’ म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. कुवेत, दम्माम, दुबई, मस्कत. अमक्याचा मुलगा आखातात आहे, तमकीचे यजमान ईदला आखातातून येणार आहेत, आखातातून पैसे आले की वरचा स्लॅब पडेल. माझे यजमान एकवीस वर्षे कुवेतला, त्यामुळे आमच्या घरात हा शब्द मीठ-मसाल्याइतका रोजचा. म्हणून २०१९ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे अंताल्याच्या आखातावर जाणार आहोत, असे मी शेजारी सांगितले, तेव्हा पहिला प्रश्न आला, “का हो, यांनी कंपनी बदलली का?”

कंपनी तीच होती. हे आखात दुसरे. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याला भूमध्य समुद्राने मोठा घास घेतल्यासारखा दिसतो, ते अंताल्याचे आखात. पश्चिमेचे टोक गेलिदोन्या, पूर्वेचे अनामूर आणि अगदी आतल्या कोपऱ्यात अंताल्या शहर. गेलिदोन्याजवळ तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी तांबे भरलेले एक व्यापारी जहाज बुडाले होते. १९६० साली पाणबुड्यांनी तळाशी उतरून त्याचे रीतसर उत्खनन केले. म्हणजे माणसे या पाण्यावरून पोटासाठी ये-जा करतात, हे काही आजकालचे नाही.

बरोबर कोण कोण होते ते सांगते. यजमान कुवेतहून परस्पर इस्तंबूलला आले. इकडून मी, अकरावी सायन्सला असलेली आमची लेक आणि अब्बा. अब्बा म्हणजे माझे सासरे, वय चौऱ्याहत्तर. छत्तीस वर्षे उर्दू हायस्कुलात गणित शिकवले. त्यांच्या बरोबरीचे निम्मे मित्र सत्तरच्या दशकात आखातात गेले आणि त्यांनी बंगले बांधले. अब्बा फळ्याजवळच राहिले. अम्मी गेल्यापासून ते मशीद आणि घर यापलीकडे फारसे जात नव्हते. “पैसे खर्चून पडक्या भिंती बघायला एवढे लांब कशाला? आपल्या गावात कमी आहेत का?” हे त्यांचे म्हणणे विमानतळापर्यंत चालू होते.

पहिल्या तीन रात्री आम्ही एका रिसॉर्टमध्ये राहिलो. यजमानांच्या एका सहकाऱ्याने स्वस्तात जमवून दिले होते. या किनाऱ्यावर लारा, बेलेक, केमेर, सिदे अशी रिसॉर्टची गावेच्या गावे आहेत. तुर्की भाषेत त्यांचा मंत्र ‘हेर शेय दाहिल’, म्हणजे सगळे धरून. यातला ‘दाहिल’ म्हणजे आपलाच ‘दाखल’. मनगटाला एक पट्टा बांधतात, मग सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत खा, प्या, पोहा, वेगळे पैसे नाहीत. लाराकडे एक हॉटेल चक्क मॉस्कोच्या क्रेमलिनसारखे आहे, एक टायटॅनिक जहाजाच्या आकाराचे. पंधरा-वीस किलोमीटरवर खरी दोन हजार वर्षांपूर्वीची शहरे उभी असताना लोक इथे प्लास्टरच्या क्रेमलिनसमोर फोटो काढत असतात, याचे मला हसू आले.

हसू फार टिकले नाही. नाश्त्याच्या हॉलमध्ये ताटेच्या ताटे अर्धी टाकलेली. चीजचे तुकडे, अख्खी अंडी, दाताने नुसता ओरखडा काढलेले कलिंगड. कर्मचारी ते सगळे एका पिंपात ओतत होते. अब्बांनी आपल्या ताटलीत दोन पाव, चार ऑलिव्ह आणि थोडा मध घेतला आणि तो संपवून भिंतीकडे तोंड करून बसले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, “मी खोलीतच थांबतो.” समुद्र होता, पण समुद्रापर्यंत जायला बारवरून जावे लागे, आणि संध्याकाळी तिथे जो धिंगाणा चाले त्यातून अब्बांना न्यायची आमचीही हिंमत नव्हती. हलाल म्हणवणारी, महिलांसाठी वेगळा तलाव असलेली हॉटेलेही या किनाऱ्यावर आहेत, हे आम्हाला नंतर कळले. पण माझा आक्षेप दारूपुरता नव्हता. भिंत एवढी उंच होती की आपण तुर्कस्तानात आहोत हेच विसरायला होत होते. मुले असलेल्या कुटुंबांना तलाव, घसरगुंड्या आवडतील हे कबूल. तरी माझा सल्ला विचाराल तर दोन रात्रींवर तिथे थांबू नका.

चौथ्या दिवशी आम्ही बॅगा उचलून अंताल्याच्या जुन्या गावात, कलेइचीमध्ये आलो. कलेइची म्हणजे किल्ल्याच्या आत. किल्ल्यातला ‘किल्ला’ आणि हा ‘कले’ एकच. अरुंद गल्ल्या, वरच्या मजल्यावर पुढे आलेल्या लाकडी खिडक्यांची उस्मानी घरे, अंगणात संत्र्याची झाडे. अशाच एका घरात तीन खोल्यांचे पेन्शन होते, मालकीण स्वतः चहा आणून देई. अब्बांनी तिला ‘किताब’, ‘कलम’, ‘दुनिया’, ‘साअत’ असे शब्द एकामागून एक म्हणून दाखवले आणि ती प्रत्येकाला मान डोलावू लागली. तिथून त्यांची कळी खुलली.

हे शहर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पर्गामोनचा राजा दुसरा अत्तालोस याने वसवले, म्हणून अत्तालिया, म्हणून अंताल्या. इसवी सन १३० मध्ये रोमन सम्राट हाद्रियान इथे आला, त्याच्या स्वागताला बांधलेली तीन कमानींची वेस अजून उभी आहे आणि तिच्यातून लोक भाजी घेऊन घरी जातात. १२०७ मध्ये सेल्जुक तुर्कांनी शहर घेतले. त्यांचा पुढचा सुलतान अलाउद्दीन कैकुबाद याच्या काळातला यिवली मिनारे, म्हणजे पन्हळींचा मिनार, शहराची खूण आहे. सुमारे अडतीस मीटर उंच, विटांचा, जणू आठ गोल खांब एकत्र बांधून मोळी केली आहे. विटांच्या मधून कुठे कुठे निळ्या फरशीचे तुकडे चमकतात. शेजारची मशीद १३७३ मध्ये नव्याने बांधलेली, सहा घुमटांची. आतले खांब मात्र कुठल्या कुठल्या जुन्या इमारतींतून आणलेले, एकाचे डोके दुसऱ्यासारखे नाही. असरची नमाज तिथे पढून आल्यावर अब्बा म्हणाले, “उसने खांब आहेत, पण छत पेलून धरलेय.”

याच शहरात १३३० च्या आसपास इब्न बतूता आले होते. त्यांनी अंताल्याबद्दल जे लिहून ठेवले आहे ते मला रिसॉर्टमधून आल्या आल्या फार आठवले. त्यांच्याकडे एक माणूस आला. अंगावर जुने कपडे, डोक्यावर नमद्याची टोपी. तुम्ही आणि तुमचे सोबती माझ्याकडे जेवायला या, म्हणाला. इब्न बतूतांना वाटले, हा गरीब, याला कशाला त्रास? तेव्हा सोबतच्या शेखनी सांगितले की हा चांभारकाम करणारा ‘अखी’ आहे, दोनेकशे कारागिरांचा पुढारी. ही मंडळी दिवसभर कमावतात आणि संध्याकाळी ती कमाई आपल्या खानकाहमध्ये आलेल्या मुसाफिरांवर खर्च करतात. संध्याकाळी गेले तर गालिचे, काचेचे दिवे, फळे आणि भरगच्च जेवण! पट्टा न बांधता ‘सगळे धरून’.

इब्न बतूतांनी इथल्या जर्दाळूंचीही तारीफ केली आहे. त्यांचे नाव कमरुद्दीन, ते वाळवून मिसरला पाठवत. ज्यांनी आपल्या नेहमीच्या आखातात रमजान काढला आहे त्यांना इफ्तारचे कमरुद्दीनचे सरबत माहीत असेलच. नारिंगी रंगाच्या पातळ पोळीसारखी वाळवलेली जर्दाळूची वडी येते, ती भिजवून करतात. यजमान ते वीस वर्षे पीत होते. हे नाव सातशे वर्षांपूर्वी अंताल्याच्या बाजारातही चालू होते, हे त्यांना इथे येऊन कळले.

जेवणाची एक गंमत सांगते. अब्बांनी एका साध्या हॉटेलात यादीवर ‘पियाज’ वाचले. कबाबसोबत कांदा हवाच म्हणून मागवले. आले ते पांढऱ्या घेवड्याचे दाणे, वर तिळाच्या वाटणाचा दाट रस आणि उकडलेले अंडे. अंताल्याचा पियाज असाच असतो. कांदा त्यात शोधावा लागला. पण अब्बांना ते इतके आवडले की पुढचे सगळे दिवस तेच.

आणि समुद्र. आम्ही कोकणातले, त्यामुळे कोन्याआल्तीच्या किनाऱ्यावर अब्बांनी पहिला प्रश्न विचारला, “ओहोटी किती वाजता?” ओहोटी नाही. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी इतकी थोडी असते की इथे ती डोळ्यांना दिसतच नाही. वाळूही नाही, गोल गुळगुळीत गोटे. पश्चिमेला थेट पाण्यातून उठल्यासारखे डोंगर, आणि पूर्वेला दुदेन नदी कड्यावरून सरळ समुद्रात उडी घेते. सकाळी पाहिलेली पाण्याची रेघ संध्याकाळी तिथेच असते, याची अब्बांना शेवटपर्यंत सवय झाली नाही.

ओहोटी नसण्याचा अर्थ फासेलिसला गेल्यावर लक्षात येतो. अंताल्याच्या नैर्ऋत्येला साठेक किलोमीटरवर, पाइनच्या झाडीत, तीन बंदरे असलेले हे शहर होते. इसवी सनापूर्वी ३३४-३३३ च्या हिवाळ्यात सिकंदर इथे मुक्कामाला होता. बंदराच्या भिंतीचे दगड पाण्याच्या काठाला तसेच आहेत आणि मुले त्यांवरून उड्या मारून पोहतात. सुंदर जागा, पण तिथे बघण्यापेक्षा बसणे जास्त. पुढे अंताल्या आणि अलान्या ही बंदरे वाढली, फासेलिसची गरज संपली, आणि त्याचे दगड इतर बांधकामांना गेले.

याच्या अगदी उलट कथा पूर्वेला पंचेचाळीसेक किलोमीटरवरच्या आस्पेंदोसची. तिथले नाट्यगृह मार्कस ऑरेलियसच्या काळात, म्हणजे इसवी सन १६१ ते १८० च्या दरम्यान, झेनोन नावाच्या स्थपतीने बांधले. रोमन नाट्यगृहे जगात पुष्कळ आहेत, पण बहुतेकांची रंगमंचामागची भिंत कोसळलेली असते. इथे ती पूर्ण उंचीची उभी आहे. सगळ्यात वरच्या पायरीवर मी बसले, खाली लेकीने हळू आवाजात काही म्हटले, ते वर ऐकू आले. (काय म्हणाली ते इथे लिहीत नाही, तिला भूक लागली होती.) ही भिंत का टिकली? कारण तेराव्या शतकात सेल्जुकांनी तिची डागडुजी करून इमारत वापरात घेतली. अलाउद्दीन कैकुबादाच्या काळात इथे सुलतानाच्या मुक्कामाची सोय होती. गिलाव्यावर त्यांनी काढलेल्या लाल नागमोडी रेघा अजून दिसतात. रोमन दगडावर सेल्जुक रंग. जवळच नदीवर पूल आहे. रोमनांचा जुना पूल पडलेला, नदीतले पायांचे दगड थोडे सरकलेले. सेल्जुकांनी ते काढून टाकले नाहीत, त्यांच्याच आधाराने नवा पूल बांधला, म्हणून तो सरळ नाही, मध्येच वळतो. अब्बांनी त्या वळणावर उभे राहून पुष्कळ वेळ हिशेब केला. “बरोबर आहे,” म्हणाले, “सरळ रेषेच्या हट्टापायी पाया कशाला सोडायचा?”

सिदेलाही गेलो. समुद्रकाठचे अपोलोच्या मंदिराचे पांढरे खांब सगळ्या पोस्टकार्डांवर असतात, संध्याकाळी तिथे उभे राहायला जागा मिळत नाही. मला जास्त भिडले ते दुसरेच. हे शहर कित्येक शतके ओस होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी क्रीट बेटावरून परागंदा झालेली मुस्लिम कुटुंबे इथे येऊन, या अवशेषांच्या मधोमध घरे बांधून राहिली. मुसलमान, पण बोली ग्रीक. आज तिथे दागिन्यांची दुकाने आणि आइस्क्रीम आहे.

आता पर्गेविषयी. खरे तर हा लेख त्यासाठीच लिहायला घेतला.

पर्गे अंताल्यापासून सतरा-अठरा किलोमीटरवर. शहरातली ट्राम अक्सूपर्यंत जाते, तिथून पायी दोनेक किलोमीटर किंवा टॅक्सी. अब्बा येणार नव्हते. आस्पेंदोस झाले, सिदे झाले, आता आणखी खांब नकोत. आम्हीच आग्रहाने ट्राममध्ये बसवले. लेक मोबाइलवर वाचत होती. वाचता वाचता म्हणाली, “दादा, इथे कोणी अपोलोनियस म्हणून मॅथेमॅटिशियन जन्मला होता.”

अब्बांनी चष्मा काढला. “कोणता अपोलोनियस? मखरूतवाला?”

लेकीला मखरूत कळेना. मलाही नाही. मखरूत म्हणजे शंकू, कोन. अकरावीला तिला जो धडा होता आणि ज्याच्या नावाने ती रडत होती तो शंकूच्या छेदांचाच, कॉनिक सेक्शन्सचा. अब्बांनी ट्राममध्येच माहितीपत्रक गुंडाळून शंकू केला आणि बोटाची सुरी करून दाखवू लागले. आडवे कापले तर वर्तुळ. जरा तिरके कापले तर लांबवर्तुळ. शंकूच्या बाजूला समांतर कापले तर अन्वस्त. त्याहून उभे कापले तर अपास्त. लेकीच्या पुस्तकात ही एलिप्स, पॅराबोला, हायपरबोला. ही तिन्ही नावे या अपोलोनियसने ठेवली, इसवी सनापूर्वी तिसऱ्या-दुसऱ्या शतकात. जन्म पर्गेचा, काम इस्कंदरियात.

“पण नावांचा अर्थ काय?” लेकीने विचारले. तिच्या वर्गात कोणी सांगितला नव्हता.

“आमच्याकडे अर्थ नावातच आहे,” अब्बा म्हणाले. “कतए-नाकिस, कतए-मुकाफी, कतए-जायद. नाकिस म्हणजे कमी. मुकाफी म्हणजे बरोबरीचा. जायद म्हणजे जास्त. एका आयताशी क्षेत्रफळाची तुलना करायची. पहिल्यात ते कमी पडते, दुसऱ्यात बरोबर उतरते, तिसऱ्यात जास्त होते. युनानी शब्दांचा अर्थही हाच. अरबांनी तसाच उचलला.”

जायद आणि नाकिस हे शब्द आपल्या घरात रोज पडतात. लेक त्यांच्याकडे बघत राहिली.

पर्गेच्या वेशीपाशी दोन गोल बुरूज आहेत, तांबूस दगडांचे, ग्रीक काळातले. आतल्या चौकात प्लांकिया माग्ना या बाईच्या दानाची हकीकत समजते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात तिने ही वेस आपल्या पैशाने सजवली आणि शहराचे सर्वोच्च पदही भूषवले. पुढे सरळ लांब रस्ता, दोन्ही बाजूंना खांब आणि मधोमध पाण्याचा पाट, डोंगराच्या पायथ्याच्या कारंजापासून वाहत येणारा. उन्हाळ्यात या पाटाने रस्ता गार राहत असेल. मी हे बघत होते, आणि अब्बा पाटाच्या काठावर बसून नातीला पुढची गोष्ट सांगत होते.

अपोलोनियसने शंकूच्या छेदांवर आठ भाग लिहिले. पहिले चार ग्रीक भाषेत टिकले. पाचवा, सहावा, सातवा ग्रीकमध्ये हरवले. नवव्या शतकात बगदादमध्ये मूसाचे तीन मुलगे होते, बनू मूसा म्हणत त्यांना. मुहम्मद, अहमद आणि हसन. त्यांना हा ग्रंथ मिळाला, पण इतका अवघड आणि चुकांनी भरलेला की अर्थ लागेना. पुढे अहमदना शाम देशात पहिल्या चार भागांची चांगली, टीकेसह प्रत सापडली, तेव्हा कुलूप उघडले. त्यांच्या देखरेखीखाली अरबी भाषांतर झाले. पाच ते सात हे भाग हर्रानच्या साबित बिन कुर्रा यांनी केले. ते मुसलमान नव्हते, साबी होते, आणि त्यांचे हर्रानही आजच्या तुर्कस्तानातच आहे. आठवा भाग बगदादलाही पोचला नाही. तो गेला तो गेलाच.

मग १७१० साली ऑक्सफर्डला एडमंड हॅले यांनी हे तीन भाग अरबीवरून लॅटिनमध्ये आणले. त्यासाठी ते अरबी शिकले होते. हॅले म्हणजे धूमकेतूवाले. धूमकेतू परत येणार हे त्यांनी सांगितले, कारण त्याची वाट लांबवर्तुळाची. कतए-नाकिसची.

“तो मी पाहिलाय,” अब्बा म्हणाले. मार्च १९८६ मध्ये एका पहाटे ते नववीच्या मुलांना घेऊन गावाबाहेर सड्यावर गेले होते. काही विशेष दिसले नाही, म्हणाले, फळ्यावर खडू पुसला गेल्यासारखा एक डाग. मुले नाराज झाली. पुढचा २०६१ मध्ये, असे त्यांनी मुलांना सांगितले होते. आज त्या पाटाच्या काठावर त्यांनी नातीला विचारले, “२०६१ मध्ये तू किती वर्षांची असशील?”

त्या क्षणी मला जे आठवले ते सांगायलाच हवे. निघण्याच्या दोन महिने आधी घराला रंग काढला होता. माळ्यावर अब्बांची पुस्तके होती. उर्दूतली हिंदसा, जब्र-ओ-मुकाबला, काही अगदी जुनी, हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाने उर्दूत शिक्षण सुरू केले तेव्हा भाषांतर झालेल्यांपैकी, पिवळी, कडा झडलेली. मी अब्बांना विचारले, ही लागतात का? घरात उर्दू वाचणारे आता तेच एक. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “दे. कोण वाचणार?” दोन पोती रद्दीत गेली. किलोच्या भावाने. मला तेव्हा माळा मोकळा झाल्याचे समाधान वाटले होते.

पर्गेत मी त्यांना काही बोलले नाही. त्यांनीही विषय काढला नाही. परत येताना ट्राममध्ये लेक मोबाइलवर काहीतरी टाइप करत होती. पाहिले तर यादी. मखरूत, शंकू, कोन. जाविया, कोन, अँगल. मुसल्लस, त्रिकोण. वतर, जीवा. कुतुर, व्यास. एकीकडे उर्दू शब्द, मग मराठी, मग इंग्रजी. ‘कोन’ मराठीत अँगल आणि इंग्रजीत मखरूत, याचे तिला हसू आवरेना.

शेवटच्या दिवशी अंताल्याच्या संग्रहालयात गेलो. पर्गेतून निघालेले पुतळे तिथे होते. त्यात एक गदेला टेकून उभा, थकलेला हर्क्युलिस. त्याचा खालचा अर्धा भाग १९८० साली पर्गेत जाले इनान यांना सापडला. या तुर्कस्तानच्या पहिल्या महिला पुरातत्त्वज्ञ, पर्गे आणि सिदे दोन्हीकडे त्यांनी आयुष्य घातले. वरचा अर्धा भाग मात्र अमेरिकेत बोस्टनच्या संग्रहालयात निघाला. दोन्हींचे साचे १९९२ मध्ये जुळवून पाहिले, तंतोतंत बसले. तरी वरचा भाग परत यायला २०११ साल उजाडले. पोटावरची सांध्याची रेघ स्पष्ट दिसते. अब्बांनी ती रेघ पाहिली, पण तिथे ते काही म्हणाले नाहीत. बाहेर येऊन मात्र त्यांनी लेकीला आणखी सात शब्द सांगितले.

घरी आल्यावर मी रद्दीवाल्याकडे गेले. त्याने माल त्याच आठवड्यात पुढे दिला होता.

यादी अजून चालू आहे. अब्बांना शब्द अवेळी आठवतात, जेवताना, वजू करताना, एकदा फजरनंतर त्यांनी नातीला उठवून ‘मुहीत’ सांगितला. मुहीत म्हणजे परीघ. आकडा शंभराच्या वर गेला आहे. लेकीला त्या धड्यात बरे गुण पडले, पण तिची इंजिनिअरिंगची इच्छा आता डळमळली आहे, त्यावर घरात चर्चा चालू आहे, ती वेगळी.

एक शब्द मात्र अडला आहे. मराठीत त्याला अनंतस्पर्शी म्हणतात. ती रेषा, जी कितीही लांब नेली तरी अपास्ताच्या जवळ जवळ जाते आणि त्याला भेटत नाही. त्याचा उर्दू शब्द त्यांच्या पुस्तकात होता, डाव्या पानावर, खालच्या बाजूला, इतके त्यांना आठवते. शब्द आठवत नाही. तुमच्यापैकी कोणाच्या घरी, माळ्यावर, उर्दूतले भूमितीचे जुने पुस्तक असेल तर मखरूतचा धडा काढून बघा, आणि हा शब्द सापडला तर मासिकाच्या पत्त्यावर एक कार्ड टाका.